आधी निदान, मग उपाय

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपची बिनतारी जोडणी तुटली की कित्येक विद्यार्थी लागलीच सारी प्रणाली पुसून नव्याने बसवितात. त्यात वर्षाचे लिखाणही कधी नाहीसे होते. हा उतावळेपणा आम्हांस अनिष्ट वाटतो. १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी जिचा गाभा रचण्यास आरंभ केला, ती ही प्रणाली विचारणाऱ्यास उत्तर देते. प्रथम ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. रेडिओ यंत्रावरील बटणाने बंद आहे की आज्ञेने, हे तीवरून कळते. मग ‘डीमेसेज’ने गाभ्याची नोंद वाचावी, फर्मवेअरची फाइल सापडली नसल्यास तसे तेथे बहुधा लिहिलेले असते. नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्यास आपण शहाणा म्हणत नाही. विद्यार्थ्यांनी आधी कारण शोधावे, मगच यंत्रास हात घालावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.