ज्वालामुखीला मृत ठरवण्याची घाई

इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी 23 नोव्हेंबर 2025 च्या आधी फारसा कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. गेल्या सुमारे 12 हजार वर्षांत तो फुटल्याची नोंद नव्हती. त्या दिवशी तो फुटला, राखेचा लोट सुमारे 14 किलोमीटर उंच चढला, येमेन-ओमानवरून वाहत दुसऱ्या दिवशी भारतावर आला आणि इथल्या विमान कंपन्यांना उड्डाणे रद्द करावी लागली. शालेय व्याख्या लावली तर हा ज्वालामुखी मृत. मेलेल्याने विमाने जमिनीवर बसवली!

जागृत, निद्रिस्त आणि मृत हे तीन प्रकार भूगोलाच्या पेपरात पिढ्यान्‌पिढ्या विचारले जात आहेत. पाठ करायला सोपे, गुण हमखास. अडचण एवढीच की ही विभागणी माणसाच्या दप्तरावर उभी आहे. जिथे लिहून ठेवणारे कुणी नव्हते, तिथला डोंगर आपोआप मेलेल्यांच्या यादीत जातो. फिलिपिन्समधला पिनाटुबो सुमारे पाचशे वर्षे गप्प होता. त्याच्या उतारावर दाट जंगल वाढले होते आणि माणसे राहत होती. जून 1991 मध्ये त्याचा झालेला स्फोट विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी एक ठरला. त्यातल्या गंधकयुक्त वायूने पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरवले. तरी हजारो लोक वाचले, कारण शास्त्रज्ञ जुन्या नोंदींवर विसंबून न राहता जमिनीचे हादरे आणि बाहेर पडणारा वायू मोजत होते.

मग विचारायचे काय? आधी हे की खालचा खडक वितळतोच का. पायाखाली सगळीकडे लाव्हाचा समुद्र उकळतो आहे, हा समज चुकीचा. कवचाखालचे प्रावरण बहुतांशी घनच आहे. ते वितळायला निमित्त लागते. हायली गुब्बी ज्या अफार भागात आहे, तिथे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत आहेत, वरचा दाब कमी होतो आणि खालचा तप्त खडक वितळतो. जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्समध्ये एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो. त्याने सोबत नेलेल्या पाण्यामुळे खडक कमी तापमानालाच वितळतो. हवाई किंवा रीयुनियनसारख्या ठिकाणी मात्र खोलातून वर येणारी उष्णता हे काम करते.

ज्वालामुखीचा आकार ठरतो तो या वितळलेल्या खडकाच्या, म्हणजे शिलारसाच्या चिकटपणावर. सिलिका कमी असेल तर तो काकवीसारखा दूरवर पसरतो आणि मौना लोआसारखा ढालीच्या आकाराचा, मंद उताराचा डोंगर होतो. सिलिका वाढली की वायू आत कोंडतो, स्फोट होतात, आणि राख व लाव्हाचे थर साचून उंच शंकू उभा राहतो. कधी शंकूच नसतो. जमिनीला लांब भेगा पडतात आणि लाव्हा नुसता वाहत राहतो.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग घडला तो या शेवटच्या प्रकाराने. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांमधून बाहेर पडलेल्या लाव्हाने दख्खन झाकले. आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर तो खडक आहे. वेरूळचे कैलास लेणे त्याच काळ्या कातळात कोरले आहे.

घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड नीट पाहावी. काळ्या थरांच्या मधे कुठेकुठे विटकरी रंगाची पट्टी दिसते. लाव्हाचा एक थर निवाला, ऊनपावसाने त्याच्या माथ्याची माती झाली, आणि मग पुढचा तप्त थर येऊन त्या मातीला भाजून गेला. म्हणजे ती पट्टी ही उसंत आहे. त्या मधल्या काळात कुणी पाहायला असते, तर त्याने दख्खनचा ज्वालामुखी बिनदिक्कत मृत म्हणून नोंदवला असता.

आज मात्र दख्खनला मृत म्हणायला हरकत नाही, आणि त्याचे कारण निव्वळ लोटलेली वर्षे हे नाही. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते ज्या उष्ण स्रोताने हा लाव्हा पुरवला, त्याच्यावरून भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकून गेला. तो स्रोत आता हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ वारंवार फुटतो. रसद तुटली, म्हणून इथले उद्रेक थांबले. अफारमध्ये रसद चालूच आहे; तिथे 12 हजार वर्षांत उद्रेकाची नोंद नसण्याला फारशी किंमत नाही.

पाठ्यपुस्तकातून ही तीन नावे काढून टाकायची गरज नाही. मात्र परीक्षेत ‘प्रकार सांगा’ ऐवजी ‘हा ज्वालामुखी इथेच का, आणि त्याला शिलारस अजून मिळतो का’ असा प्रश्न यावा. आणि शाळेची सहल घाटातून जाणारच असेल, तर शिक्षकांनी सुरक्षित जागी बस पाच मिनिटे थांबवावी आणि ती विटकरी पट्टी मुलांना दाखवावी.