अंगणातले टाके ठेवायचे की फोडायचे?

मागच्या रविवारी विहारातल्या बैठकीत एका साध्या प्रश्नावर तासभर वाद झाला. घरोघरच्या अंगणात सिमेंटचे टाके आहे, त्याचे काय करायचे? म्हातारी मंडळी म्हणाली, हात लावू नका. सुना म्हणाल्या, फोडून टाका. आमच्या घरात हेच भांडण दोन वर्षे चालले होते आणि या उन्हाळ्यात ते मिटले. म्हणून लिहितो.

म्हाताऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. आपल्या गोंदियाला तलावांचा जिल्हा म्हणतात. नवेगावबांधसारखा मोठा तलाव, गावोगावी मालगुजारी तलाव आणि बोड्या. पाणी कधी कमी नव्हते, पण ते आपले नव्हते. आमची आजी सांगायची, विहिरीपासून दूर उभे राहायचे आणि कुणी वरून ओतले तरच गुंड भरायचा. बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ ला ओंजळीत घेतले, आणि त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटायला १७ मार्च १९३७ उजाडले. वस्तीत बोअरिंग लागल्यावर आजोबांनी मजुरीच्या पैशातून टाके बांधले, तेव्हा त्यांनी नुसते सिमेंट थापले नव्हते. ज्या घरातून हे टाके जाईल तिथे कुणाच्या तरी पोटात तुटणारच.

आता सुनांचे ऐका. नवतपात हेच टाके पोरांचा स्विमिंग पूल होते, दिवसभर डुंबतात, आपणही कौतुकाने बघतो. मग मृग लागतो, रोवणी सुरू होते. घरातल्या बाया सकाळीच बांधीत उतरतात. घरी उरते थकलेली आजी आणि दोन-तीन वर्षांचे लेकरू. गेल्या रोवणीत आमच्या घरातल्या लहान्याचा चेंडू टाक्यात पडला. तो वाकला आणि डोक्यावर आत गेला. शेजारच्या काकू राख टाकायला बाहेर आल्या नसत्या तर काय झाले असते ते लिहवत नाही. लहान लेकराचे डोके अंगाच्या मानाने जड असते, वाकले की ते उलटे होते. बुडताना ते ओरडत नाही. वीतभर पाणीही त्याला पुरते. असे झालेच तर लेकराला उलटे टांगून फिरवू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा, आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला लावा.

दुसरी गोष्ट डासाची. डेंग्यूचा डास गटारात नाही, आपल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण नुसते पाणी उपसून भागत नाही. अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. भिंती काथ्याने घासाव्याच लागतात.

इथे एक बोलून घेऊ. टाक्यात अळ्या दिसल्या की आपल्याला चार शब्द ऐकवले जातात. ते बरोबरच आहे. पण हत्तीरोगाचा डास घाण पाण्यात वाढतो, आणि वस्तीतली नाली तुंबून राहते त्याबद्दल कुणाला ऐकवले जात नाही. आपण हत्तीरोगाच्या गोळ्या खायच्या आणि नाली तशीच राहायची, हे चालणार नाही. टाक्याचा निर्णय आपला, नालीचा ग्रामपंचायतीचा. ग्रामसभेत तो मागून घ्यायचा.

तर आमचे मत असे. नळाला एक-दोन दिवसाआड पाणी येत असेल तर लोकांच्या सांगण्यावरून टाके फोडू नका. पाण्यावाचून हाल बायांचेच होतात. त्यावर घट्ट, पोराला सरकवता येणार नाही असे झाकण बसवा. टिनाचा पत्रा ठेवून उपयोग नाही, फटीतून डास जातो आणि पत्रा पोरगाही ढकलतो. वापरायच्या पाण्यात गप्पी मासे सोडता येतात, आशाताईंना विचारा. पण पाणी रोज येत असेल तर एकच प्रश्न विचारा: दर सात दिवसांनी हे टाके उपसून घासणार कोण? घरात एक नाव घेता येत नसेल, किंवा ते नाव दरवेळी त्या एकाच सुनेचे असेल, तर टाके जाऊ द्या. त्याच्या जागी झाकणाचे दोन ड्रम पुरतात, ते घासायलाही सोपे. घासायची पाळी मात्र पुरुषांनीही घ्यायची.

आम्ही आमचे टाके पूर्ण फोडले नाही. मजुरीही परवडली नसती आणि वडिलांना ते बघवले नसते. तळाला सब्बलने दोन भोके पाडली, खाली विटांचे तुकडे घातले, वर माती आणि शेणखत भरले. अर्धे फोडून तसेच सोडले असते तर पावसात त्याच तळाशी पाणी साचून डासांची सोयच झाली असती. पहिला पाऊस पडल्यावर पाणी निथळते की नाही ते वडिलांनीच छत्री घेऊन तपासले. आता त्यात मिरची आणि वांगी लागली आहेत. पोरे रुसली आहेत. पुढच्या नवतपात त्यांना नळाखाली बसवून बादलीने पाणी ओतायचे कबूल केले आहे.