तीन हेर आणि एक यंत्र

येथें बिद्रीस दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा हंगाम सुरू झाला कीं उसाखेरीज दुसरें बोलणें ऐकूं येत नाहीं. आमचे पुतणे मात्र गुळांत रमलेले. एक किलोचे लहान रवे बांधून ते पुण्या-मुंबईस पाठवितात.

पूर्वीं दुसऱ्याचा भाव काढावयाचा म्हणजे माणूस शाहूपुरींत जाई, आणि शाहू महाराजांनीं वसविलेल्या त्या पेठेंत दोन प्रहर बसून, चार अडत्यांचा चहा घेऊन, सायंकाळीं परते. यंदा धाकट्या पुतण्यानें तें काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास सांगितलें. अर्ध्या तासांत बावीस विक्रेत्यांचा तक्ता पुढें आला : नांव, वजन, भाव, गिऱ्हाइकांच्या तक्रारी. कोणाचा गूळ पाघळतो, कोणाचा काळा पडतो, सारें त्यांत होतें. शिवाय दर सोमवारीं यंत्र आपण होऊन तीं पानें पुन्हां वाचतें व काय बदललें तें कळवितें. मला खरोखर कौतुक वाटलें.

तक्त्यांत एकाचा भाव आमच्या निम्म्याहून थोडाच अधिक होता. भावाभावांत खल झाला. भाव उतरवावयाचा, तर ऊस देणाऱ्या शेजाऱ्यांच्या पदरांत कमी पडणार, हें उघड होतें. "काका, मीं तीन वेळां विचारलें, तिन्ही वेळां तेंच उत्तर. आतां शंका कसली?"

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत हेरांची वार्ता केव्हां खरी मानावी हें सांगितलें आहे : एकमेकांस न ओळखणारे तिघे एकच गोष्ट सांगतील तेव्हां. मीं म्हटलें, "अरे, तुझे तीन हेर एकाच तोंडानें बोलले. तिघांनीं एकच पान वाचलें असेल, तर ती साक्ष एकच." शिवाय हें यंत्र संभाव्य शब्दांमागून शब्द जुळवून वाक्य रचतें; आंकडा सांपडला नाहीं तर दर वेळीं तें गप्प बसतेंच असें नाहीं, शोभेलसा आंकडा देऊन मोकळें होतें. आमच्या वर्गांतही अशीं मुलें असत, आणि तीं बहुधा हुशारच असत.

उलगडा स्वयंपाकघरांत झाला. थोरल्या सूनबाईंनीं निपाणीहून तेंच पुडकें आणविलें. वजन ५०० ग्रॅम! यंत्रानें तो भाव किलोचा धरला होता. दर्शनी बाजूस 'कोल्हापुरी' मोठ्या अक्षरांत. पाठीमागें कारखानदाराचा पत्ता बारीक टायपांत, आणि तो भलत्याच जिल्ह्यांतला. कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, तेव्हां ही गोष्ट भावाहूनही महत्त्वाची. पण विक्रेत्यानें पुडक्याची पाठ पानावर दाखविलीच नव्हती, मग यंत्रास ती दिसावी कशी?

तक्ता मोडलेला नाहीं. प्रत्येक आंकड्यापुढें आतां तो कोठून व कोणत्या तारखेस घेतला हें लिहिलें जातें. भाव बदलण्यापूर्वीं एक जण वस्तु विकत आणतो, दुसरा अडत्यास विचारतो, आणि पहिल्यास काय आढळलें तें दुसऱ्यास सांगावयाचें नाहीं असा घरांत नियम आहे. आमच्या गुऱ्हाळाचा उताऱ्या-खर्चाचा हिशेब यंत्रांत घालण्यास मात्र मीं मनाई केली. दुसऱ्याचें गुपित शोधावयास निघालेल्यानें आपली वही परक्याच्या ओट्यावर कां ठेवावी?

भाव उतरविला नाहीं. पुडक्यांतला गूळ पुरणास घेतला. सूनबाईंच्या मतें तो किंचित् खारट आहे. पुतण्यानें तेंही तक्त्यांत एका बाजूस नोंदवून ठेविलें.