कालव्याकाठची खेचरवाट

लेकीकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आईवडिलांनी तिथल्या गुळगुळीत रस्त्यांचं कौतुक सांगून इथल्यांना पिडायचं, अशी एक रीत आहे. मी आजवर ती पाळली नाही. पण गेल्या आठवड्यात आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एक निवृत्त इंजिनिअर स्नेही म्हणाले, "मुठा उजवा कालवा एकदा बोगद्यातून नेला की वरची जागा मोकळी. सरळ रस्ता टाकावा. नाहीतरी वायाच चाललीय." खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याच्या योजनेबद्दल पुणेकर वाचकांनी ऐकलं असेलच. मी तेव्हा गप्प बसलो. जन्मभर फळ्यापुढे बोललेल्या माणसाला हे शोभत नाही, म्हणून आता बोलतो.

२००९ साली सिंहगड रस्त्यावर मागून आलेल्या गाडीचा धक्का लागून मी सायकलवरून पडलो, मनगट मोडलं, आणि घरच्यांनी माझी सायकल भंगारात दिली. सायकलींचं शहर म्हणून मिरवणारं आमचं गाव! पुन्हा पॅडल मारलं ते थेट २०१९ च्या ऑक्टोबरात, नातवाबरोबर, वॉशिंग्टनजवळच्या चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठाने. फ्लेचर्स कोव्ह ते ग्रेट फॉल्स, सुमारे १८ किलोमीटर. (परतताना जावई गाडी घेऊन आले, हे लपवत नाही.)

वाट खडी-मातीची. एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला झाडीतून पोटोमॅक नदी. मागून हॉर्न नाही. पहिला तासभर मी सवयीने मागे वळून बघत होतो, शेवटी नातू म्हणाला, "आजोबा, कोणी येत नाहीये."

ही वाट मुळात खेचरांची. दोराने नावा ओढत खेचरं काठाने चालत आणि त्यांना हाकायला पुष्कळदा नावाड्यांचीच पोरं, ज्यांनी खरं तर शाळेत असायचं. वाटेत लॉक लागतात, म्हणजे दोन दरवाजांमधला दगडी हौद. नाव आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, की नाव वरच्या पातळीला. असे ७४ लॉक. १८२८ ला सुरू झालेलं खोदकाम कंबरलँडला पोचायला १८५० उजाडलं, आणि रेल्वे तिथे आठ वर्षं आधीच पोचलेली! १९२४ च्या पुरानंतर कालवा बंदच पडला.

मग तिथेही आमच्या स्नेह्यांसारखे लोक निघाले. मोकळी जागा आहे, मोटारींचा रस्ता करा. १९५४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी उलट पत्र लिहिलं, की आधी माझ्याबरोबर ही वाट चाला, मग लिहा. कंबरलँडपासून सुमारे ३०० किलोमीटर. आठ दिवस. निघाले ३७ जण, पूर्ण चालले डग्लस धरून नऊ. संपादक सगळी वाट काही चालले नाहीत, पण चालले तेवढ्याने वृत्तपत्राचं मत बदललं. १९७१ मध्ये तो कालवा राष्ट्रीय उद्यान झाला.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तिथे जंगल, इथे वस्ती. बरोबर आहे. पर्वतीच्या पायथ्याशी कालव्याला लागून माणसं राहतात. २७ सप्टेंबर २०१८ ला कालवा फुटला तेव्हा पाणी त्यांच्याच घरांत शिरलं. त्यांना उठवून माझ्यासारख्याला सायकल फिरवायला वाट करा, असं मी म्हणणार नाही. पण रस्ता केला तर त्यांना कोण ठेवणार आहे? दाराशी वाट असली तर त्यांची पोरं शाळेत चालत जातील, रस्ता असला तर ओलांडताना जीव मुठीत धरतील. आणि रस्त्यांनी वाहतूक सुटते हे गणित पुण्यात कुठल्या वर्षी बरोबर आलं? प्रत्येक नवा रस्ता आणि पूल दोन-चार वर्षांत भरतो, आणि आपण पुढच्यासाठी जागा शोधू लागतो. चालणाऱ्याची जागा तेवढी 'वाया जाणारी'. गाड्या उभ्या करायला दिली की ती सत्कारणी लागली!

काल मी त्या स्नेह्यांना म्हटलं, रविवारी सकाळी सहाला स्वारगेटला या, कालव्याच्या कडेने खडकवासल्याच्या दिशेने जाता येईल तिथवर चालू. म्हणाले, गुडघे दुखतात. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. मी थर्मास घेऊन थांबणार आहे.