लाल शेपटीची सापसुरळी

पावसाळा सरल्यावर गृहसंकुलांच्या आवारांत आणि गावाकडच्या परसांत साफसफाईची जी लगबग सुरू होते, तिच्यात कुंडी सरकवताना किंवा पाल्याचा ढीग उपसताना लालभडक शेपटीचा एक सडपातळ जीव सळसळत बाहेर पडतो आणि ‘साप, साप’ अशी ओरड होऊन त्याच्यावर खराट्याचे घाव बसतात. तो साप नसून बहुधा ठिपकेदार सापसुरळीचे पिल्लू असते. आणि कोणत्याही सापसुरळीला विष नसते, हे पुनःपुन्हा सांगणे भाग आहे.

रायोपा पंक्टाटा या शास्त्रीय नावाच्या या सरड्याच्या आप्ताची नोंद लिनियसने १७५८ सालीच केली होती. तिचे पाय इतके आखूड असतात की पुढचा पाय मागे आणि मागचा पुढे ताणून धरला तरी ते एकमेकांना टेकत नाहीत. त्यामुळे घाईत ती अंगाला वळसे देत सरपटते व सापाचा भास होतो. मात्र सापाला नसलेल्या दोन गोष्टी तिला असतात, त्या म्हणजे बाहेरून दिसणारे कानाचे छिद्र आणि हलणाऱ्या पापण्या. खालच्या पापणीत तर पारदर्शक पडद्याची खिडकीच असते, ज्यामुळे मातीत शिरताना डोळा मिटूनही तिला दिसत राहते.

ज्या शेपटीमुळे पिल्लू नजरेस पडते, तीच त्याचा बचावही करते, कारण शत्रूचे लक्ष त्या रंगामुळे डोक्याऐवजी शेपटीकडे वळते, असे मानले जाते. शेपटीच्या मणक्यांच्या अंगातच मुळापासून एक कच्ची भेग असते. पकड बसताच स्नायू आवळून तिथे तुकडा पडतो, रक्त फारसे वाहत नाही आणि तुटलेला भाग वळवळत राहून शत्रूला गुंतवतो. शेपटी पुन्हा वाढते, पण तिच्यात मणके नसून कूर्चेची, म्हणजे मऊ हाडासारख्या ऊतीची, सलग कांडी असते. ही नवी शेपटी त्या कांडीतून तुटू शकत नाही. पुढचा तुकडा पाडायचा तर उरलेल्या मूळ मणक्यांतूनच पाडावा लागतो. शिवाय शेपटीत साठवलेली चरबीही तुकड्याबरोबर जाते. घाव चुकवून सुटलेले पिल्लूही अशा रीतीने मोठी किंमत मोजूनच सुटते.

तरीही खराट्याहून काडेपेटी अधिक घातक आहे. पालापाचोळा जाळण्याच्या प्रथेविरुद्ध या सदरात यापूर्वीही लिहिले गेले आहे, आणि आवार उघडेबोडके दिसण्यालाच स्वच्छता मानले जाईल तोवर ते लिहावेच लागेल. झाडाने वर्षभर गाळलेली पाने म्हणजे कचरा नव्हे; त्यांच्या ओलसर थरांत अळ्या, कोळी, वाळवी आणि गांडुळे नांदतात, जमिनीचा कस टिकतो, आणि सापसुरळीला निवारा व भक्ष्य दोन्ही तिथेच मिळतात. तो ढीग पेटवला की ती ज्यांवर जगते ते कीटक आणि तिच्या लपण्याच्या जागा एकाच वेळी नष्ट होतात. पाला कुंपणाकडेच्या कोपऱ्यात सारून कुजू देणे कोणत्याही संकुलाला बिनखर्चात जमण्यासारखे आहे. आणि तो हलवण्याची वेळ आलीच, तर फावडे घालण्यापूर्वी ढीग काठीने हलकेच चाळवावा आणि आतल्या जिवांना निघून जायला थोडा अवधी द्यावा.