दहावा मतदारसंघ: नायिका आणि नकाशा

गझाला हाश्मी नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदी निवडून आल्या. भारतीय वंशाची व्यक्ती परदेशात निवडून आली की आपल्याकडे तिचा परिचय एका ठरलेल्या साच्यात करून दिला जातो. या परिचयाचे तपशील असे: हैदराबादेत जन्म, बालपणीच अमेरिकेत स्थलांतर, अमेरिकी साहित्यात पीएच.डी., सुमारे तीन दशके अध्यापन. राज्यव्यापी पदावर निवडून आलेल्या त्या अमेरिकेतील पहिल्या मुस्लिम स्त्री होत. यातील प्रत्येक तपशील खरा आहे, आणि साहित्याच्या एका प्राध्यापिकेने एवढी मजल मारली याचे आम्हां अध्यापकांना अप्रूप वाटणेही स्वाभाविक आहे. तरीही आमच्या मते हे वाचन अपुरे आहे. ज्या मतदारसंघाने त्यांना प्रथम निवडून दिले, तो वाचल्याखेरीज ही कथा उलगडत नाही.

येथे सिनेट म्हणजे वॉशिंग्टनमधील सिनेट नव्हे. अमेरिकेतील प्रत्येक राज्याला स्वतःचे विधिमंडळ आहे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळातील वरिष्ठ सभागृह म्हणजे राज्य सिनेट. तेथे ४० जागा असून मुदत चार वर्षांची. आपल्या विधान परिषदेहून मोठा फरक असा की, हे सर्व सदस्य थेट सामान्य मतदारांकडून निवडले जातात.

२०१९ साली हाश्मी ज्या दहाव्या मतदारसंघातून उभ्या राहिल्या, त्याची घडण मोठी बोलकी होती. रिचमंड या राजधानीच्या शहराचा एक भाग, शेजारच्या चेस्टरफील्ड काउंटीतील उपनगरांचा एक भाग आणि ग्रामीण वळणाची संपूर्ण पौहाटन काउंटी, असे तीन तुकडे त्यात एकत्र शिवलेले होते. शहराचा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे, पौहाटनचा रिपब्लिकन पक्षाकडे. उपनगराला वगळून कोणाचेच गणित जुळत नव्हते. २०१५ साली येथे रिपब्लिकन पक्षाचे ग्लेन स्टर्टेव्हंट तीन टक्क्यांहून कमी फरकाने निवडून आले. चार वर्षांनी त्याच सीमांमध्ये हाश्मी यांनी सुमारे ५४ टक्के मते मिळवून त्यांचा पराभव केला. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाने सिनेटच्या ज्या दोन जागा हिसकावून घेतल्या, त्या दोन्ही उपनगरी होत्या. त्यांच्या बळावर सभागृहात २१ विरुद्ध १९ असे बहुमत झाले. मार्च २०२१ मध्ये व्हर्जिनियाने मृत्युदंड रद्द केला. दक्षिणेतील राज्यांत असे करणारे ते पहिलेच राज्य होते.

उपनगर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सारख्या घरांची, इतिहास नसलेली वस्ती उभी राहते. चेस्टरफील्डला मात्र इतिहास आहे, आणि तो सीमारेषेचाच आहे. १ जानेवारी १९७० रोजी रिचमंड शहराने या काउंटीचा सुमारे २३ चौरस मैलांचा भाग आपल्यात सामील करून घेतला. त्याबरोबर शहरात आलेले सुमारे ४७ हजार रहिवासी बहुतांशी गोरे होते. परिणामी शहरातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते, ते निम्म्याखाली गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९७० नंतर शहर परिषदेची निवडणूक झाली ती थेट १९७७ साली, प्रभागपद्धतीने. आणि हेन्री मार्श हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. तेव्हा रेषा सरकवून मतांचे वजन बदलता येते, हे या परिसराने फार पूर्वीच अनुभवले होते. पुढे वस्तीही बदलत गेली. १९४८ मधील ट्रूमन यांच्यानंतर चेस्टरफील्डमध्ये आघाडी घेणारा डेमोक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवार अवतरला तो २०२० साली. हाश्मी यांचा विजय या दीर्घ स्थित्यंतरातील एक टप्पा होता. एका व्यक्तीच्या गुणवत्तेची ती किमया नव्हती.

यानंतरचा भाग आम्हांस अधिक विचारप्रवर्तक वाटतो. २०२१ साली मतदारसंघांची पुनर्रचना करण्यासाठी नेमलेल्या द्विपक्षीय आयोगात एकमत झाले नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन तज्ज्ञ नेमले आणि डिसेंबर २०२१ मध्ये नवा नकाशा मंजूर केला. जुना दहावा मतदारसंघ विरून गेला. तो क्रमांक दुसऱ्याच प्रदेशाला मिळाला. २०२३ साली हाश्मी नव्या पंधराव्या मतदारसंघातून निवडून आल्या. स्टर्टेव्हंट यांनी बाराव्या मतदारसंघात आपल्याच पक्षाच्या विद्यमान सदस्य अमँडा चेस यांना प्राथमिक निवडणुकीत हरवले आणि तेही सिनेटमध्ये परतले. एकमेकांविरुद्ध लढलेले दोघेही आता एकाच सभागृहात बसले.

यात कोणावर अन्याय झाला असे आम्ही म्हणत नाही. नकाशा कोणत्याही पक्षाने आखला नव्हता, आणि विखुरलेले तुकडे जोडण्यापेक्षा सलग प्रदेश राखणे तत्त्वतः योग्यच. परंतु तटस्थ लेखणीनेही काही गमावले जाते, याची नोंद घ्यावयास हवी. जुन्या दहाव्यात शहरी भाडेकरू, उपनगरी घरमालक आणि पौहाटनचा शेतकरी या तिघांशी एकाच उमेदवाराला बोलावे लागे. भिन्न मताच्या माणसाचे मन वळवावे लागे. सुरक्षित मतदारसंघात ही गरज सरते. तेथे खरी लढत पक्षांतर्गत होते, आणि भाषणे आपल्याच माणसांना उद्देशून होऊ लागतात. वक्तृत्वाचा विचार करणाऱ्यांना हा फरक किरकोळ वाटू नये. श्रोतृवर्ग बदलला की भाषा बदलते, हे तर आम्ही वर्गात शिकवतोच.

लेफ्टनंट गव्हर्नरची निवडणूक संपूर्ण राज्यात होते. तिच्यासाठी मतदारसंघ कातरता येत नाही. शहर, उपनगर आणि खेडे हा तिहेरी श्रोतृवर्ग तेथे उमेदवारापुढे पुन्हा एकत्र येतो. हाश्मी यांच्या २०२५ च्या विजयाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. जानेवारी २०२६ पासून सिनेटचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आहे आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मतही त्यांचेच. त्यांच्या यशाचा अभिमान बाळगण्यास आमची हरकत नाही. पण आपल्या विद्यार्थ्यांपुढे ही कथा ठेवताना केवळ नायिकेचे चरित्र ठेवू नये. शेजारी नकाशा उघडावा, आणि तो कोणी, केव्हा व कोणाला वगळून आखला, एवढे तीन प्रश्न विचारावेत.