‘अंतर्गत प्रश्न’ नेमका कोणाचा?

२००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न मांडला. भारत सरकारचे उत्तर होते : जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे.

हेच उत्तर १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने दिले होते. तिथल्या भारतीयांवरील अन्यायाची तक्रार भारताने संयुक्त राष्ट्रांत नेली, तेव्हा ‘अंतर्गत’ ही ढाल आमसभेने मानली नाही. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील विचारवंत दु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली. अस्पृश्यही तोच मार्ग धरण्याच्या विचारात होते. मग बाबासाहेबांनाही देशद्रोही म्हणणार का?

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयानेही त्यात ॲट्रॉसिटीचा गुन्हा सिद्ध मानला नाही. घरातले दार बंद झाले, तर माणसाने कुठे जायचे?

रोम कराराबाहेर राहिलेल्या भारतात हेगचे फौजदारी न्यायालय सहजी पोहोचत नाही. पण वंशभेद निर्मूलनाचा करार भारताने १९६८ मध्ये मान्य केला आहे. जन्माधारित भेदात जातही येते, हे त्याच्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले. समिती शिक्षा देत नाही, पण सरकारला जाब विचारते. म्हणून प्रत्येक एफआयआर, प्रत्येक निकाल जपून ठेवा आणि अहवाल तिथे पाठवा.

सार्वभौमत्व ‘आम्ही भारताचे लोक’ यांचे आहे, अत्याचार झाकणाऱ्यांचे नाही.

जयभीम!